रंगवलेली टोपी

"पैशाने खेळ नासला" हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा ऐकू येते की ते खरे की खोटे हे तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. यंदा आमच्या वादविवाद मंडळात हाच विषय होता. अनुकूल बाजूने बोलणाऱ्यांना भरघोस टाळ्या मिळाल्या. मी प्रतिकूल बाजूने बोललो आणि रीतसर हरलो. चार मिनिटांत जे सांगता आले नाही ते सावकाश सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच. मात्र उदाहरण क्रिकेटचे नाही. ते अमेरिकेतल्या बेसबॉलचे आहे, आणि त्यातही ज्याच्याकडे तिथले लोकसुद्धा बराच काळ कनिष्ठ जातीचा खेळाडू म्हणून पाहत आले त्या 'रिलीफ पिचर'चे आहे.

हा विषय माझ्याकडे बुटांच्या खोक्यातून आला. न्यू जर्सीला असलेला माझा मावसभाऊ गेल्या वर्षी सुट्टीवर आला तेव्हा त्याने जुन्या बाजारात ढिगाने घेतलेली बेसबॉल कार्डे मला आणून दिली. ही कार्डे म्हणजे पत्त्याच्या पानाएवढे, किंचित मोठेच, जाड कागदाचे तुकडे. पुढच्या बाजूला खेळाडूचे छायाचित्र, मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात त्याची कामगिरी. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातली टॉप्स नावाची कंपनी ती च्युइंग गमबरोबर विके. १९७६ साली पंधरा सेंटला दहा कार्डे आणि गमची एक गुलाबी पट्टी मिळत असे. पोरे ती अदलाबदल करून जमवीत आणि जास्तीची सायकलच्या आऱ्यांत चिमट्याने अडकवून फटफटीचा आवाज काढीत. (हा उद्योग आपल्याकडेही पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चालतो, बालबुद्धीला देशाच्या सीमा नसतात.) १९५२ सालचे मिकी मँटल या खेळाडूचे एक कार्ड २०२२ मध्ये एक कोटी सव्वीस लाख डॉलरांना गेले. माझ्या खोक्यात तसले काही नाही. त्यात आहेत ते १९७० ते १९८० मधले किरकोळ लोक, आणि त्यांत रिलीफ पिचरांचा भरणा जास्त, कारण त्यांना गिऱ्हाईक कमी.

ती कार्डे चाळताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. काही खेळाडूंच्या टोप्या छायाचित्रातल्या नाहीतच, त्या कोणीतरी कुंचल्याने रंगवलेल्या आहेत! चेहरा खरा, हात खरे, मागचे गवत खरे आणि डोक्यावर मात्र सर्कशीच्या पडद्यावर शोभावा असा सपाट रंगाचा ठिपका. ऑस्कर गॅम्बल नावाच्या खेळाडूचे १९७६ चे कार्ड तर पाहण्यासारखे आहे. त्याच्या केसांचा डोलारा एवढा प्रचंड की त्यावर यांकी संघाची टोपी रंगवताना चित्रकाराला घामच फुटला असावा. याचे कारण सोपे होते. छायाचित्र जुन्या संघात असताना काढलेले असे, कार्ड छापायच्या आत खेळाडू दुसरीकडे गेलेला असे, आणि कंपनीला कार्ड तर वेळेवर बाजारात आणायचे असे. मग काढा कुंचला आणि चढवा नवी टोपी.

मावसभाऊ म्हणाला, "पाहा, खेळाडू विकाऊ झाले तेव्हाच्या या खुणा." माझा आणि त्याचा वाद नेमका येथे सुरू झाला. वादविवाद मंडळातला माझा मुद्दाही तोच होता. पण त्याआधी रिलीफ पिचर म्हणजे कोण, हे सांगणे भाग आहे.

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. सामना नऊ डावांचा. जुन्या काळी ज्याने सुरुवात केली त्यानेच तो संपवावा असा शिरस्ता होता. पण हात दमतो, चेंडूतली धार जाते, फटके बसू लागतात. मग व्यवस्थापक मैदानात चालत येतो, पिचरच्या हातातून चेंडू काढून घेतो आणि कुंपणाजवळ हात गरम करत बसलेल्या दुसऱ्याला बोलावतो. हा दुसरा तो रिलीफ पिचर. आपल्या क्रिकेटमधल्या 'नाइट वॉचमन'सारखा तोही अडचणीच्या वेळी पाठवला जातो. फरक एवढाच की याने नुसता वेळ काढायचा नसतो, सामना वाचवायचा असतो. तो येतो तेव्हा तिन्ही तळांवर प्रतिस्पर्ध्याची माणसे उभी असतात, आणि ती त्याने नव्हे, आधीच्याने येऊ दिलेली असतात. आग दुसऱ्याने लावायची, विझवायची याने. तिकडचे लोक त्याला 'फायरमन' म्हणत, आणि टॉप्सही दर वर्षीच्या अव्वल रिलीफ पिचरांचे कार्ड याच नावाने काढी.

गंमत अशी की बराच काळ या कामाची कोठे नोंदच होत नव्हती. शिकागोच्या जेरोम होल्ट्झमन या क्रीडापत्रकाराने १९६० च्या सुमारास 'सेव्ह' म्हणजे 'वाचवलेला सामना' मोजण्याची रीत काढली आणि १९६९ साली ती अधिकृत झाली. १९७६ पासून सर्वोत्कृष्ट रिलीफ पिचरला दर वर्षी आणखी एक पारितोषिक मिळू लागले. ते ठेवले कोणी, तर पित्तावरच्या गोळ्या विकणाऱ्या रोलेड्सने! पोटाला आराम देणाऱ्या गोळीने संघाला आराम देणाऱ्याचा सत्कार करावा, हा इंग्रजी शब्दावरचा श्लेष होता. पण त्या बिचाऱ्याच्या वाट्याला हा मान आला तो औषधवाल्याकडून, ही गोष्ट मला पुष्कळ काही सांगून जाते.

आता विकाऊपणाकडे वळू. बेसबॉलच्या करारात एक कलम असे. त्याला मी राखीव कलम म्हणतो. खेळाडूने नव्या करारावर सही केली नाही तर मालकाला जुना करार आणखी एक वर्ष वाढवता येई. मालकांनी याचा अर्थ असा लावला की, वाढवलेल्या करारातही तेच कलम असल्यामुळे तो पुन्हा वाढवता येतो, पुन्हा, आणि पुन्हा. म्हणजे एकदा सही केलेला खेळाडू हात मोडेपर्यंत त्या मालकाचा. मालकाला मात्र त्याला केव्हाही दुसऱ्याकडे पाठवता येई, बदल्यात माणूस घेऊन किंवा रोख पैसे घेऊन. खेळाडूची संमती? ती कोणी विचारीत नसे.

सेंट लुईसचा कर्ट फ्लड हा या कलमाविरुद्ध उभा राहिला. तो पिचर नव्हता, पण त्याच्यावाचून ही हकिकत पुढे सरकत नाही. बारा वर्षे एका संघात खेळल्यावर १९६९ च्या ऑक्टोबरात त्याला फिलाडेल्फियाला धाडल्याचे कळवण्यात आले. त्याला वर्षाला नव्वद हजार डॉलर मिळत होते, त्या काळी हा उत्तम पगार. तरीही त्याने बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून कळवले की मी खरेदीविक्रीची मालमत्ता नाही. एका कृष्णवर्णी माणसाने अमेरिकेत हे लिहावे याचा अर्थ इतिहासाच्या विद्यार्थ्यांना निराळा सांगायला नको. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी तो हरला. तोवर त्याचे खेळण्याचे दिवसही संपले होते. टॉप्सने १९७० साली त्याचे जे कार्ड काढले त्यावर फिलाडेल्फियाचे नाव आहे. तो फिलाडेल्फियासाठी एक दिवसही खेळला नाही.

हे कार्ड १९७० चे आहे, हे लक्षात घ्यावे. खेळाडूंना मोकळीक मिळायला त्यानंतर सहा वर्षे लागली. रंगवलेल्या टोप्याही त्याआधीपासूनच्याच! किंबहुना टॉप्सचे छायाचित्रकार वर्षानुवर्षे खेळाडूला टोपी काढायला लावून एखादे जादा छायाचित्र घेऊन ठेवीत. का, तर मालक याला उद्या कोठे पाठवील याचा नेम नाही. बोडक्या डोक्याचे चित्र कोणत्याही संघाच्या नावाखाली खपते. १९७४ मध्ये तर सॅन डिएगोचा अख्खा संघ वॉशिंग्टनला हलणार म्हणून कंपनीने त्याच्या काही कार्डांवर वॉशिंग्टनचे नाव छापून टाकले, आणि ऐनवेळी तो बेत फिसकटला. तेव्हा रंगवलेली टोपी ही खेळाडूच्या लोभाची खूण आहे असे जे म्हणतात त्यांना मी विचारतो, या टोप्या बदलल्या कोणी? डोके खेळाडूचे आणि टोपी मालकाच्या मर्जीची, अशी ही व्यवस्था होती. विकाऊपणा जुनाच होता, फक्त विक्रीची रक्कम दुसऱ्याच्या खिशात जात होती.

ती रक्कम खेळाडूच्या खिशाकडे वळवण्याच्या लढ्यात सुरुवातीचा एक लहानसा विजय मिळाला तो या कार्डांवरूनच, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९६६ मध्ये पोलाद कामगारांच्या संघटनेत अर्थतज्ज्ञ म्हणून काम केलेला मार्व्हिन मिलर खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख झाला. टॉप्स तेव्हा प्रत्येक खेळाडूला चेहरा छापण्याबद्दल वर्षाला १२५ डॉलर देई, मग कितीही कार्डे खपोत. मिलरने वाढ मागितली, कंपनीने दाद दिली नाही. मग खेळाडूंनी छायाचित्रे काढून देण्याचेच नाकारले. त्यामुळे १९६८ आणि १९६९ च्या संचांत जुनी, बोडक्या डोक्याची चित्रे पुष्कळ दिसतात. शेवटी कंपनी नमली. रक्कम दुप्पट झाली आणि विक्रीत टक्केवारीने वाटा मिळू लागला. संपाची पहिली तालीम म्हणजे छायाचित्रकारासमोर उभे न राहणे, ही कल्पना मला तरी अतिशय आवडली.

पुढे १९७५ साली अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांनी नव्या करारावर सही न करता तो हंगाम सुरू केला आणि वर्षअखेर म्हणाले की एक वर्ष झाले, आम्ही मोकळे. मॅकनॅलीने तर हंगामाच्या मध्यावरच खेळ सोडून मोंटाना राज्यातले आपले घर गाठले होते. त्याला या निकालातून एक दमडी मिळायची नव्हती. पण मेसरस्मिथला पैशाने फोडले तरी तक्रार जिवंत राहावी म्हणून त्याने आपले नाव त्यात ठेवले. मालकांनी त्याला परत खेळायला येण्यासाठी मोठी रक्कम देऊ केली. तो गेला नाही. पैशासाठी सगळे झाले म्हणणाऱ्यांनी या माणसाचे काय करायचे ते एकदा ठरवावे. २३ डिसेंबर १९७५ रोजी पीटर साइट्झ या लवादाने निकाल दिला की एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी त्याच दिवशी साइट्झला कामावरून काढून टाकले. निकाल मात्र न्यायालयातही टिकला.

त्यानंतरच्या १९७६ या एका वर्षात रॉली फिंगर्स या रिलीफ पिचरच्या बाबतीत जे घडले ते माझ्या म्हणण्याचा उत्तम दाखला आहे. टोकदार वळवलेल्या मिशांचा हा माणूस ओकलंडचा. (त्या मिशाही मालक फिन्ली याने १९७२ साली मिशा वाढवणाऱ्यांना तीनशे डॉलर देऊ केल्यामुळे वाढलेल्या!) १५ जून १९७६ ला फिन्लीने त्याला दहा लाख डॉलरांना बोस्टनला विकला. बोस्टनचा संघ तेव्हा ओकलंडलाच खेळायला आलेला होता. फिंगर्स कपडे बदलण्याच्या एका खोलीतून उठून दुसऱ्या खोलीत गेला आणि बोस्टनचा पोशाख चढवून बसला. तीन दिवसांनी आयुक्तांनी व्यवहार रद्द केला आणि तो परत पहिल्या खोलीत! त्या दहा लाखांतला एक डॉलरही त्याच्यासाठी नव्हता. डिसेंबरमध्ये हाच फिंगर्स मुक्त खेळाडू म्हणून स्वतःच्या सहीने सॅन डिएगोला गेला. जूनमध्ये तो विकला गेला, डिसेंबरमध्ये त्याने आपली मेहनत विकली. या दोन क्रियापदांतला फरक ज्यांना दिसत नाही त्यांच्याशी व्याकरणाच्या तासालाच बोलावे लागेल.

आणि माझ्या खोक्यातले माझे सर्वांत आवडते कार्ड बिल कॅम्पबेलचे आहे. हा मिनेसोटाचा रिलीफ पिचर व्हिएतनामच्या युद्धात सैनिक होता. १९७६ मध्ये त्याने ७८ सामन्यांत येऊन १६७ डाव टाकले आणि सतरा सामने जिंकले. रिलीफ पिचरला हा आकडा म्हणजे बैलाला दोन शेतांचा नांगर. पगार वर्षाला पंचवीस हजार डॉलरांच्या आत. काही हजारांची वाढ त्याने मागितली, मालकाने दिली नाही, म्हणून त्याने करारावर सही केली नाही आणि वर्षअखेर मुक्त झाला. नोव्हेंबर १९७६ मध्ये मुक्त खेळाडूंचा पहिला बाजार भरला. त्यात सर्वांत आधी करार झाला तो कोणा बड्या फटकेबाजाचा नव्हे, या कॅम्पबेलचा. बोस्टनने पाच वर्षांसाठी सुमारे दहा लाख डॉलर दिले. पित्ताच्या गोळीचे पहिले पारितोषिक ज्या दोघांना मिळाले त्यांतला एक हाच.

बोस्टनकरांना हे मुळीच रुचले नाही. १९७७ चा हंगाम सुरू झाला तेव्हा मैदानात फलक झळकला की कॅम्पबेलला विका आणि दीड डॉलरची स्वस्त तिकिटे परत आणा. जणू तिकिटे महाग केली ती कॅम्पबेलने! त्याने त्या वर्षी १४० डाव टाकले आणि ३१ सामने वाचवून आपल्या लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. पुढच्याच वर्षी हात गेला. १९७८ मध्ये जेमतेम पन्नास डाव, तेही दुखऱ्या हाताने. नंतर तो सावरला, १९८७ पर्यंत एकूण सात संघांकडून खेळला, पण पूर्वीचा कॅम्पबेल पुन्हा दिसला नाही.

माझा सगळा युक्तिवाद या हातावर उभा आहे. प्राध्यापकाचे ज्ञान वयाबरोबर वाढते (निदान तसे आम्ही धरून चालतो), वकिलाची फी वाढते. पिचरचा हात मात्र दर चेंडूगणिक झिजतो आणि रिलीफ पिचरचा सर्वांत बेभरवशाने, कारण त्याला आज बोलावतील की उद्या याचाही नेम नाही. असा हात राखीव कलमाखाली दोन वर्षांत वापरून संपवता येई, आणि संपल्यावर मालकावर कसलीही जबाबदारी नसे. कॅम्पबेलच्या नशिबाने त्याला मोकळीक नेमकी वेळेवर मिळाली. बोस्टनने पैसे वाया घालवले असे जे लिहितात ते मिनेसोटाला मिळालेल्या स्वस्तातल्या १६७ डावांचा हिशेब का मांडत नाहीत?

विरुद्ध बाजू मला दिसत नाही असे नाही. १९७२, ७३, ७४ अशी सलग तीन वर्षे अजिंक्य ठरलेला ओकलंडचा संघ पांगला आणि १९७७ मध्ये आपल्या गटात तळाला गेला, त्याच वर्षी जन्मलेल्या सिअ‍ॅटलच्याही खाली. तिथल्या पोरांनी कार्डांवर बदललेल्या टोप्या पाहून काय म्हटले असेल? शिवाय मोकळा बाजार मान देतोच असे नाही. यांकी संघाच्या स्पार्की लायलने १९७७ मध्ये सर्वोत्कृष्ट पिचरचा 'साय यंग' मान मिळवला. त्या लीगमध्ये रिलीफ पिचरला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ. आणि त्याच नोव्हेंबरात मालकाने गूस गॉसेज या दुसऱ्या रिलीफ पिचरला सहा वर्षांच्या करारावर आणून त्याच्या डोक्यावर बसवला. पुढच्या वर्षी गॉसेजने २७ सामने वाचवले, लायलने नऊ, आणि वर्ष संपताच लायलची टेक्ससला रवानगी झाली. त्याच्या दुःखावर माझ्याकडे उत्तर नाही. मी एवढेच म्हणतो की राखीव कलमाच्या काळातही त्याची रवानगी अशीच झाली असती. बॉस्टनहून यांकी संघात तो १९७२ साली आला तोही अदलाबदलीतच.

खुद्द मिलरही काही आंधळा मुक्तिवादी नव्हता. सगळेच खेळाडू दर वर्षी मोकळे झाले तर बाजारात माल फार होऊन भाव पडेल, हे त्याने ओळखले होते. गंमत म्हणजे मालकांपैकी फिन्लीलाच ते उमगले होते; तो सांगत होता की सगळ्यांना मोकळे करा. त्याचे कोणी ऐकले नाही. १९७६ च्या करारात सहा वर्षे खेळल्यावर मोकळीक असे ठरले आणि ती अट पुढे दशकानुदशके टिकली. सरासरी पगार १९७६ मध्ये ५१ हजार डॉलर होता, तो १९८० पर्यंत १ लाख ४३ हजारांवर गेला. पण माझी त्या तडजोडीबद्दल एक तक्रार आहे. फटकेबाजाला सहा वर्षे म्हणजे तारुण्याची सुरुवात. रिलीफ पिचरला ती कित्येकदा अख्खी कारकीर्द. आग विझवणाऱ्याचे भाडे आग विझल्यावर सहा वर्षांनी ठरवायचे, हा न्याय मला अर्धाच वाटतो.

आपल्याकडे २००८ पासून आयपीएलमध्ये खेळाडूंचा लिलाव होतो आणि आपण म्हणतो, पाहा, हा अमेरिकेचा वारा. वस्तुतः त्या लिलावात सर्वांत मोठी बोली ज्या संघाची, त्या संघात खेळाडूने जायचे असते. कॅम्पबेलला मात्र कोणत्या संघाशी करार करायचा हे स्वतः ठरवता आले. तेव्हा पैसा मोठा की मोकळीक मोठी, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले तर आमचा वादविवाद थोडा तरी पुढे सरकला असता.

मिलरला बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या यादीत घ्यायचे मालकमंडळींच्या फार जिवावर आले होते. २०१२ मध्ये तो वारला, आणि २०१९ मध्ये त्याची निवड झाली. फ्लड १९९७ मध्ये गेला. कॅम्पबेल २०२३ च्या जानेवारीत वारला, तेव्हा मावसभावाने मला फोनवर मुद्दाम ती बातमी सांगितली होती. त्या वेळी हे नाव मला कोणाचेच वाटले नव्हते. आता त्याचे १९७७ चे कार्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. डोक्यावर बोस्टनची टोपी आहे आणि ती रंगवलेली आहे, पण या टोपीसाठी त्याने स्वतः सही केली होती. मावसभावाला मी कळवले आहे की पुढच्या खेपेला फ्लडचे १९७० चे कार्ड कोठे मिळाले तर घेऊन ये, कोपरे दुमडलेले असले तरी चालतील.